वाड्याच्या मधून गेलेली प्रभागाची रेषा

बार्देशातल्या आमच्या गावात डोंगराच्या उतारावर गेल्या काही वर्षांत इतक्या इमारती उभ्या राहिल्या, की जुना वाडा, म्हणजे आमची जुनी वस्ती, आता त्यांच्या पायथ्याशी दडला आहे. पंचायतीचे प्रभाग मात्र अजून 2011 च्या लोकसंख्येवर बेतलेले आहेत, म्हणजे संपूर्ण गोव्याची लोकसंख्या 14,58,545 होती त्या काळावर. राज्यघटनेच्या 243 व्या कलमानुसार लोकसंख्या म्हणजे ज्या शेवटच्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत तिच्यातली लोकसंख्या, आणि 2021 ची जनगणना कोविडमुळे लांबली ती लांबलीच.

प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या आणि त्याला मिळणाऱ्या जागा यांचे प्रमाण पंचायत क्षेत्रात शक्यतोवर सारखे असावे, असेही घटना सांगते. प्रत्यक्षात एका पंचाच्या, म्हणजे प्रभागातून निवडून आलेल्या पंचायत सदस्याच्या, वाट्याला उतारावरच्या इमारतींचा कचरा, पाण्याचे टँकर आणि सांडपाण्याच्या तक्रारी येतात, तर शेजारच्या प्रभागातली कित्येक घरे वर्षानुवर्षे कुलूपबंद असतात, कारण घरमालक मुंबईत किंवा परदेशात स्थायिक झालेले आहेत. नव्या इमारतींतले पुष्कळ फ्लॅटही केवळ सुटीपुरते उघडतात. त्यामुळे इमारती मोजून प्रभाग आखावेत असे काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. त्यासाठी माणसांची शिरगणतीच हवी.

ती आता होते आहे आणि तिची संदर्भतारीख 1 मार्च 2027 ही आहे. पण गोव्यातल्या 186 पंचायतींची मागची निवडणूक 10 ऑगस्ट 2022 रोजी झाली होती, म्हणजे पाच वर्षांची मुदत 2027 मध्येच संपते. गावनिहाय आकडे प्रसिद्ध व्हायला वेळ लागतो, हे लक्षात घेता पुढचे पंचही बहुधा सोळा वर्षे जुन्या लोकसंख्येवर निवडले जातील.

प्रभागाची हद्द अधिसूचनेत सर्व्हे क्रमांक, नाला आणि रस्ता यांच्या आधारे लिहिलेली असते. सूचना फलकावर ती वाचून आपले घर नेमके कुठे पडते हे जमिनीच्या व्यवहारात मुरलेल्या माणसालाच कळावे. आमच्या वाड्यात ती रेषा पाणंदीच्या मधोमध गेली आहे. देवळाच्या अंगाची घरे एका प्रभागात आणि विहिरीच्या अंगाची दुसऱ्या. पाणंदीतला एक दिवा बंद पडला तेव्हा शेजारच्या काकींचा अर्ज या पंचाकडून त्या पंचाकडे फिरत राहिला आणि चतुर्थीपर्यंत पाणंद काळोखातच होती. एकाच देवळाचे, एकाच विहिरीचे लोक असे वाटले गेले, की ग्रामसभेत त्यांचा एकत्र आवाज उरत नाही, हे मला अधिक लागते. घटनेने ‘शक्यतोवर’ म्हटले आहे, तेव्हा वाडा अखंड राखण्यासाठी चार घरांचा फरक खुशाल सोसावा.

हे सारे वेळेत मांडावे लागते, कारण घटनेच्या 243-ओ कलमामुळे मतदारसंघांच्या आखणीच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही आणि निवडणुकीविरुद्ध केवळ निवडणूक याचिकेचाच मार्ग उरतो. 2021 मध्ये मुरगाव, मडगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच पालिकांच्या प्रभाग आरक्षणाचा वाद निवडणूक तोंडावर असताना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राज्य निवडणूक आयुक्त सरकारी सेवेतला नसलेला, स्वतंत्र माणूस असावा, असे न्यायालयाने त्याच निकालात बजावले. गोव्यातल्या त्या वादाने संपूर्ण देशाला हा नियम घालून दिला, याचा मला गोंयकार म्हणून अभिमान वाटतो.

म्हणून पुढच्या फेररचनेचा मसुदा सर्व्हे क्रमांकांबरोबर वाड्यांची आणि देवळा-चॅपेलांची नावे असलेल्या नकाशासह, मराठी आणि कोंकणीतून, ग्रामसभेसमोर यावा आणि हरकतींसाठी निदान एक महिना मिळावा, अशी मागणी मी पंचायतीकडे लेखी करणार आहे. आपल्या प्रभागाची हद्द कुठून जाते हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी पंचायतीच्या सचिवांकडून अधिसूचनेची प्रत मागून घ्यावी आणि वाड्यातल्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन ती रेषा एकदा चालून पाहावी.