पोरगं डेप्युटी कलेक्टर व्हायचं म्हणतंय

पदवीचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडे बहुतेक वेळा वडील असतात. बीडचे, परभणीचे, लातूरचे, कधी नंदुरबारकडचे. सीटचा रेट विचारून होतो, वायफाय आहे का, लॉकर मिळतो का हेही होतं. मग आवाज थोडा खाली येतो. "ताई, तुम्ही इतकी पोरं बघता. आमचं पोरगं डेप्युटी कलेक्टरच व्हायचं म्हणतंय. एवढं मोठं बघावं का हो आपल्यासारख्यानं?"

पुण्यात सदाशिव पेठेत माझी अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षांची मुलं महिन्याच्या भाड्याने इथे बसून अभ्यास करतात. फोनवर याचं नीट उत्तर देता येत नाही, कारण समोर कुणीतरी लॉकरची चावी मागत उभं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून निवांत लिहिते.

बघू द्या की. मोठंच बघू द्या. लहान स्वप्न स्वस्तात पडतं असं घरच्यांना वाटतं, पण तसं काही नसतं. २०२३च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. म्हणजे खालच्या पायरीवर गर्दी कमी असते, हा हिशेबच चुकीचा. "काहीतरी मिळालं तरी चालेल" म्हणून आलेली मुलं मी बरीच पाहिली. ती निघेल तो फॉर्म भरतात. तलाठी, वनरक्षक, पोलीस भरती, मध्येच कम्बाइन, म्हणजे एमपीएससीची संयुक्त परीक्षा. प्रत्येकाचा अभ्यास वेगळा, एका ठिकाणी धावणं तर दुसऱ्या ठिकाणी पाठांतर, आणि वर्षअखेर हातात हॉल तिकिटांचा गठ्ठा. आमच्याकडे मानसशास्त्र ऑप्शनल घेतलेली एक मुलगी होती. तिने मला एडविन लॉक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाबद्दल सांगितलं होतं. त्याने १९६८मध्येच मांडलंय, की "जमेल तेवढं कर" असं सांगितलेल्या माणसापेक्षा नेमकं आणि अवघड लक्ष्य दिलेला माणूस जास्त काम करून दाखवतो. मला पटलं. मी तेच रोज बघत होते.

आता दुसरी बाजू. आमच्या टेबलांना मध्ये प्लायवूडची पार्टिशनं आहेत. मुलं त्यांवर चिकटपट्टीने काय काय लावतात! मी दर सहा महिन्यांनी प्लाय पुसून घेते, तेव्हा सगळं वाचायला मिळतं. "डीसी २०२६", म्हणजे डेप्युटी कलेक्टर. स्वतःचं नाव आणि त्यापुढे "उपजिल्हाधिकारी". आणि हमखास एक पांढरी गाडी, टपावर लाल दिवा. हा दिवा सरकारने १ मे २०१७पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरूनही उतरवला. प्लायवूडवर मात्र तो अजून फिरतोय.

ज्या टेबलावर चित्रं जास्त, तिथलं पोरगं चहाच्या टपरीवर जास्त, असा माझा जुना संशय. त्यालाही त्या मुलीने आधार काढून दिला. गाब्रिएले ओटिंगेन या जर्मन बाईंनी एका सहकाऱ्याबरोबर १९९१मध्ये वजन कमी करणाऱ्या बायकांचा अभ्यास केला होता. आपलं वजन उतरेल असा भरवसा ज्यांना होता, त्यांचं जास्त उतरलं. पण बारीक झाल्याची गोड गोड चित्रं रंगवत बसणाऱ्यांचं कमी उतरलं. भरवसा वेगळा आणि दिवास्वप्न वेगळं. आमच्या पेठेतल्या प्रेरणादायी भाषणांत मात्र दुसरंच ऐकवतात. म्हणे अमेरिकेत येल विद्यापीठातल्या ज्या तीन टक्के मुलांनी ध्येय कागदावर लिहिलं, ती पुढे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त श्रीमंत झाली. असा अभ्यास येलमध्ये कधी झालेलाच नाही. तरी टाळ्या पडतात.

मग पोराने लिहावं काय? ते सांगते. आमच्याकडे सांगोल्याकडची एक मुलगी होती. तिच्या पार्टिशनवर काहीच नसायचं. रात्री उठायच्या आधी ती पाठकोऱ्या कागदाची एक चिठ्ठी लिहायची आणि पाण्याच्या बाटलीखाली ठेवून जायची. मी झाडून घेताना वाचायचे (वाचू नये, पण वाचायचे). "७ ते ९ कृष्णा खोरं, न बघता नकाशा. चहानंतर कालची दोन उत्तरं पुन्हा, वेळ लावून." एवढंच. कुठल्या वेळी, कुठे बसून, नेमकं काय. सकाळी आली की फोन लॉकरमध्ये, आणि चिठ्ठीत लिहिलेलं सुरू. बाकीची मुलं तोवर "आज कुठला विषय घेऊ" याच्या चर्चेला खाली गेलेली असायची.

पद आपल्या हातात नसतं, हे ध्यानात घ्या. जाहिरातीत जागा किती निघतील ते सरकार ठरवतं. कट ऑफ बाकीची पोरं ठरवतात. परीक्षेची तारीखसुद्धा आपली नसते. डेप्युटी कलेक्टरची परीक्षा म्हणजे एमपीएससीची राज्यसेवा. मार्च २०२१मध्ये तिची पूर्व परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना कोरोनाच्या कारणाने पुढे ढकलली, पोरं रस्त्यावर उतरली, मग २१ तारखेला झाली. २०२४ला २५ ऑगस्टची पूर्व बँकेच्या परीक्षेच्याच दिवशी आली, पुन्हा आंदोलन, आणि शेवटी ती १ डिसेंबरला घेतली. त्यानंतर २०२५पासून मुख्य परीक्षाच वर्णनात्मक झाली, नऊ पेपरांची. वर्षानुवर्षं गोल काळे करण्यात तरबेज झालेल्यांना लिहायला बसावं लागलं. अशा रस्त्यावर "डीसी २०२६" हे ध्येय धरून काय करणार? त्यातला २०२६ कुणाच्या ताब्यात आहे?

पोराच्या ताब्यात एक तारीख असते, आणि तीच कुणी ठरवत नाही. सोडायची तारीख.

यूपीएससीत खुल्या गटाला सहा संधी आणि बत्तीस वर्षं. संपलं की संपलं. आपल्या एमपीएससीत संधी मोजत नाहीत, वय मोजतात, आणि ते खुल्या गटाला अडतीस, मागासवर्गीयांना त्रेचाळीस. म्हणजे तेविसाव्या वर्षी आलेल्या पोराला आयोग पंधरा वर्षं "थांब" म्हणणार नाही. क्लासवाले म्हणणार नाहीत. मेसवाल्या मावशी म्हणणार नाहीत. मी तर कशाला म्हणेन, माझी सीट भरलेली राहते. कॉट बेसिसची खोली (म्हणजे एका खाटेपुरतं भाडं), मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज मिळून महिन्याचे दहा-बारा हजार कुठे जात नाहीत. ते सोयाबीनच्या पट्टीतून येतात की बहिणीच्या लग्नाला ठेवलेल्यातून, हे तुम्हाला माहीत असतं, पोरालाही माहीत असतं, आणि दोघंही बोलत नाहीत.

ही तारीख पहिल्या पूर्व परीक्षेच्या आधी ठरवा, कुणाचंही मन दुखलेलं नसताना. निकालानंतर ठरत नाही. "दोन मार्कांनी गेली हो काकू" हे आमच्या जिन्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं आणि सगळ्यात महाग वाक्य आहे. त्या दोन मार्कांपायी पोरं आणखी तीन वर्षं बसतात. वीस मार्कांनी गेलेला लवकर घरी जातो आणि मार्गाला लागतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

सांगोल्याच्या मुलीची तारीख तिच्या वडिलांनी आणि तिने मिळून ठरवली होती. धाकट्या भावाची बारावी होईपर्यंत. त्याला पुढे शिकवायचं तर हिचा खर्च थांबायला हवा, सरळ हिशेब. ती मेन्सला गेली, इंटरव्ह्यूलाही गेली. यादीत नाव आलं नाही. भावाची बारावी झाली त्या महिन्यात तिने लॉकर रिकामा केला, पुस्तकं शेजारच्या मुलीला दिली. रडली. सध्या हिंजवडीला एका कंपनीत आहे, पगार बरा आहे. तिचं स्वप्न मोठं होतं म्हणून तिचं वाटोळं झालं, असं कुणी म्हणू शकेल का?

आणखी एक, तुमच्याबाजूचं. पोरगं पुण्याला निघालं की गावात त्याला लगेच "साहेब" म्हणायला सुरुवात होते. तुम्हाला बरं वाटतं, मला कळतं. पण मग दोन दिवाळ्या झाल्या की ते गावी जायचं टाळतं. पारावर "काय साहेब, कधी?" याला उत्तर नसतं. दिवाळीत आमच्याकडे जी आठ-दहा मुलं राहतात, त्यांतली सगळीच काही अभ्यासासाठी राहत नाहीत. तेव्हा कुठल्या परीक्षेला बसलंय ते गावभर करू नका. सप्त्याला, लग्नाला हक्काने बोलवा, आणि कुणी विचारलंच तर "शिकतोय" म्हणा.

माझ्या प्रवेश अर्जावर नाव, गाव, रक्तगट, घरचा नंबर यांच्या खाली एक रकाना आहे, "कधीपर्यंत". मुलं तो मोकळा सोडतात, मी परत देते. गेल्या वर्षी एक वडील स्वतः सोडायला आले होते. म्हणाले, "ताई, तारीख लिहितो, पण त्यानं नाही पाळली तर?"

"पैसे तुम्ही पाठवताय की मी, दादा?"

हसले. मग बापलेक बाहेर जिन्यात जाऊन बराच वेळ बोलले आणि रकाना भरून आणला.

तर पाठवा पोराला. एसीला सध्या वेटिंग आहे. नॉन-एसीत खिडकीजवळची एक सीट आहे, रस्त्याचा आवाज येतो, पण महिन्याला तीनशे कमी.