तुम्ही विचारलंत म्हणून: ही सगळी चिलटंच ना?

इंदूरच्या सिरपूर तलावाच्या काठी मी चिखलाशी उकिडवी बसलेली दिसले, की फिरायला आलेलं कोणी ना कोणी थांबतंच. "काकू, काही पडलं का?" माश्या बघतेय म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "पण ही सगळी चिलटंच ना? केळ्यावर बसतात ती?" कॉलेजात शिकवत होते तेव्हा मुलं हेच विचारायची, शेजारच्या वहिनी विचारतात, मध्यंतरी एका लग्नाच्या पंगतीत व्याह्यांनीही विचारलं. उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सांगते.

नाही, ती ही नव्हेत. केळ्यावरची ड्रोसोफिला. पाण्याकाठच्या या माश्यांचं कुळ वेगळं, एफिड्रिडी. मी त्यांना काठमाश्या म्हणते. जगभरातून सुमारे २००० जातींची नोंद झाली आहे. बहुतेक जणी तिळाएवढ्या किंवा थोड्या मोठ्या, रंगाने करड्या नाहीतर काळपट. त्यामुळे रंग आणि लांबी यांच्या भरवशावर राहिलं, तर सगळी चिलटंच वाटणार.

ओळखायचं ते चेहऱ्यावरून. सराफ्यात सोनार डोळ्याला लावतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग मी गळ्यात घालूनच हिंडते. माशी कुपीत घ्यायची, थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायची. गारठली की शांत बसते. मग समोरून बघा. डोळ्यांच्या मधला, शृंगिकांखालचा (म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिकांखालचा) भाग पुढे फुगून आलेला असतो आणि त्याखाली तोंडाची खाच चांगली मोठी. यांतल्या कितीतरी जणी ओल्या चिखलावरचं शेवाळ खरवडून खातात, त्यांना हे तोंड कामाचं.

आता शृंगिकेवरचा तो एकच लांब केस. आपल्या आजीच्या डब्यातली फणी आठवा, दोन्ही बाजूंना दाते असलेली. ड्रोसोफिलाचा केस तसा असतो, वर आणि खाली फाटे फुटलेला. काठमाशीचा केस म्हणजे कंगवा: फाटे असलेच तर फक्त वरच्या बाजूला. काही जणींना ते नसतातच, पण खालच्या बाजूला फाटे दिसले तर ती काठमाशी नव्हे.

पंखाने मात्र मला सुरुवातीला बराच त्रास दिला. पंखाच्या पुढच्या कडेची जाड शीर काठमाशीत दोन जागी तुटलेली असते, एक तुटण खांद्याजवळ, दुसरी जरा पुढे. हीच खूण म्हणून मी पक्की धरली होती, आणि ड्रोसोफिलाच्या पंखातही तशाच दोन तुटणी निघाल्या! पण त्यातूनच मला वर्गीकरण कळलं. काही खुणा वेगळेपण सांगतात, काही नातं. ही दोन्ही कुळं एकाच महाकुळात बसतात, ती उगीच नाही.

कुळाच्या आतली वाटणी पुष्कळदा बदलली आहे. आज पाच उपकुळं मानतात, ती १९९२ सालच्या, पोलंडचे कीटकशास्त्रज्ञ तादेउष झात्वार्निट्स्की यांच्या मांडणीवर उभी आहेत. त्यांनी नराच्या जननेंद्रियांच्या रचनेवर मोठा भर दिला. बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या दोन जाती पोटाच्या टोकाशी साफ वेगळ्या निघतात. ते टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली उलगडणं हे सगळ्यात किचकट काम, आणि मला सगळ्यात आवडणारं.

ऑक्थेरा ही काठमाशी मात्र भिंगाशिवायही ओळखाल. हिच्या पुढच्या पायांच्या मांड्या भलत्याच जाड असतात, आणि नडगी त्यांच्यावर अडकित्त्यासारखी मिटते. मी तिला ओल्या चिखलावर दबकत चालताना पाहिलंय. थांबली, पुढचे पाय चिखलात खुपसले, आणि एक लालभडक अळी ओढून बाहेर काढली. अळी तिच्यापेक्षा लांब, वळवळत होती; अडकित्ता सुटला नाही. ती डासांच्या अळ्याही खाते. शेवाळ खाणाऱ्या बहिणींच्या शेजारीच हिची शिकार चालते.

"नाव कळून करायचं काय?" असंही विचारतात. त्यांना मी हायड्रेलिया या काठमाश्यांचं सांगते. शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात उलट्या नरसाळ्याखाली ठेवायचो ती हायड्रिला आठवत असेल. अमेरिकेत या वनस्पतीने तळी आणि कालवे भरून टाकले. तिची पानं आतून पोखरणारी हायड्रेलिया पाकिस्तानी ही माशी आपल्या भारतातून नेऊन १९८७ मध्ये फ्लोरिडात सोडली. त्याच प्रजातीतली, म्हणजे जवळच्या जातींच्या त्याच गटातली, हायड्रेलिया फिलिपिना भाताच्या पोंग्यातली कोवळी पानं कुरतडते, ती शेतकऱ्याची वैरीण. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. एकीच्या जागी दुसरी गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार करा.

सिरपूर २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला, तेव्हापासून पक्षी बघायला पुष्कळ लोक येतात. मला त्याचा आनंद आहे. फक्त दुर्बीण खाली ठेवून मिनिटभर पायांपाशीही बघावं, असं मनापासून वाटतं.

तलावापर्यंत यायलाच हवं असंही नाही. वहिनींच्या गच्चीवर टाकीखाली पाणी झिरपून शेवाळ धरलंय. मागच्या आठवड्यात तिथे स्कॅटेला सापडली, करड्या पंखांवर फिकट ठिपके असणारी. भिंग वहिनींच्या हातात दिलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग मोजू लागल्या. "पाच आहेत हो. आणि या दुसऱ्या पंखावर..." भिंग जरा सरकवलं. "इथेही पाच."