भैरव गदेरा, पहाटे साडेपाच

दिवे घाट चढताना पुढच्याच्या पिशवीला आपलं नाक लागेल एवढी गर्दी असते. माझ्या आत्याच्या चौदा वाऱ्या झाल्यात, त्यामुळे तिला सुटं चालता येतच नाही. पुढचा माणूस दोन हात लांब गेला की ही लगबगीनं जाऊन त्याला गाठते. केदारनाथला हीच सवय आड आली.

मे २०२३चा पहिला आठवडा. मंदिराची दारं २५ एप्रिललाच उघडली होती, पण वर बर्फ पडायचा थांबेना. नव्या नोंदण्या बंद. आमची आधीच झालेली. गुप्तकाशीला दोन रात्री मॅगी खात बसलो. वरून निरोप यायचा, ‘ग्लेशियर आ गया.’ मला कळेना, हिमनदी अशी अचानक येते कशी? गढवाली माणसानं उलगडून सांगितलं. गदेरा म्हणजे डोंगरउतारावरचा ओढा. वरच्या उतारावरचा बर्फ घसरून या ओढ्यात येतो आणि वाटेवर साचतो, त्याला तिथे सरसकट ग्लेशियर म्हणतात. खरं तर तो हिमस्खलनाचा ढिगारा. २०१३च्या पुरात वाटेवरचं रामबाडा गाव वाहून गेलं आणि पुढची वाट मंदाकिनी नदीच्या दुसऱ्या काठानं नेली. भैरव गदेरा आणि कुबेर गदेरा या नव्या वाटेवर आहेत.

गौरीकुंडाहून केदारनाथ पायी सोळा किलोमीटर. पहाटे चारला निघूनही भैरव गदेऱ्याशी पोचायला दुपारचे बारा वाजले. बर्फ कापून गल्ली केली होती, दोन्हीकडे डोक्याएवढ्या भिंती. हा भुसभुशीत कापूस नव्हता. ढेकळं एकमेकांत रुतून दगड झालेली, मधे मोडक्या फांद्या, खडे, एके ठिकाणी खेचराचा नाल. बोटानं उकरायला गेलो तर नखच दुखावलं. घसरत येताना घुसळलेला बर्फ थांबला की असा आवळून बसतो. म्हणून तर त्यात गाडलेल्या माणसाला स्वतःहून हात हलवता येत नाही, आणि पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलं नाही तर आशा झपाट्यानं कमी होते.

गल्लीच्या तोंडाशी एक जवान उभा. “एक-एक करके. बीच में रुकना नहीं.”

आत्या माझ्या पाठीला चिकटलेली. म्हटलं, “आत्या, मी पलीकडे पोचल्यावर तू निघ.”

“अरे, दिंडी अशी तोडतात होय?”

“वरून आलं तर दोघं एकदम जायला नको.”

ती गप्प झाली. मी निघालो आणि मधोमध फोटोसाठी थांबलो. हो, मीच. जवानाच्या शिट्टीनं कान फाटायची वेळ आली.

पलीकडून मी नुसता वर बघत राहिलो. उन्हानं बर्फाचं पाणी व्हायला लागलं होतं; गल्लीत पाऊल टाकलं की पच्‌ असा आवाज. पाणी आत मुरलं की कणांची एकमेकांवरची पकड सुटते, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर दुपार वाईट. आत्या अर्ध्यात असताना कोणीतरी मोठ्यानं ‘जय भोले’ म्हणालं आणि चारजण त्याच्यावर खेकसले. आरोळीनं बर्फ सुटतो ही समजूत काही खरी नाही. सुटतो तो ताज्या बर्फाच्या भारानं, उष्म्यानं, नाहीतर पायाच्या वजनानं. पण गप्प राहिलेलं बरंच, वरचा आवाज ऐकू तरी येतो.

आला. आत्या पोचून पाणी पीत होती, तेव्हा समोरच्या डोंगरावरून पीठ सांडावं तशी पांढरी रेघ उतरली. आधी रेघ दिसली, मग गडगड. आमच्यापासून लांब होती, पण खेचरांनी कान टवकारले.

दर्शन झालं. थंडीत अर्धा मिनिट, त्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

परतताना अंधारातच निघालो, साडेपाचला पुन्हा भैरव गदेरा. आता तोच बर्फ गोठून काच झालेला. वरून यायची भीती कमी, खाली घसरायची जास्त. आत्यानं पिशवीतून लोकरीचे मोजे काढले आणि बुटांवरून चढवले; चहावाल्या पोरानं शिकवलं म्हणे. पाय पक्के बसले. मला जोड नव्हता, मी भिंत धरत गेलो. मागे वळून बघितलं तर ती गल्लीच्या तोंडाशी थांबलेली, मी पार व्हायची वाट बघत.

मोज्यांचे तळवे पार फाटले. “टाक ते आता,” मी म्हटलं.

“देवाच्या दारात कचरा करतोस?” म्हणत तिनं ते पिळले आणि टाळांच्या पिशवीत कोंबले.