सातारा ते स्वारगेट, खुर्चीवरून

एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि घरी बसलो. अगदी बसलोच. पहिल्या वर्षी पोट सुटलं, दुसऱ्या वर्षी उजवा गुडघा कुरकुरायला लागला.

आमच्या निवृत्त मंडळींचा एक कंपू पहाटे 'चार भिंती' हुतात्मा स्मारकावरून अजिंक्यतारा किल्ल्यावर जातो. मीही निघालो. चढताना दम लागायचा, पण निभायचं. रडवायचा तो उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू अंगाचं वजन ब्रेकसारखं धरून ठेवतो आणि तो सगळा दाब गुडघ्याच्या वाटीमागे येतो, हे मला नंतर कळलं. ब्रेकचे लायनर घासलेली गाडी घाटात घातली की जे व्हायचं तेच झालं. तिसऱ्या आठवड्यात गुडघा नारळाएवढा सुजला.

डॉक्टरांनी फोटो काढला, गादी झिजलीय म्हणाले, वजन उतरवा म्हणाले. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात माझ्या पोटाला चारनं गुणलं आणि गप्प बसलो. मुलगा फोनवर म्हणाला, "आप्पा, जिम लावा की." एसटीवाल्याला पेन्शन किती येते हे ज्याला माहीत आहे, तो असा सल्ला देत नाही. पण मुलगा आहे, सोडून दिलं.

खरं काम केलं ते फिजिओथेरपीवाल्या मुलीनं. एकदाच गेलो होतो तिच्याकडे. ती म्हणाली, "काका, गुडघा दुखतो म्हणून तुम्ही मांडीला काम देत नाही, आणि मांडी ढिली पडली म्हणून गुडघा जास्त दुखतो." तीन गोष्टी दिल्या. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून पाय पसरून बसायचं, ती गुंडाळी खाली दाबायची, पाच आकडे धरायची, सोडायची. दुसरी, उताणं झोपून एक पाय दुमडायचा आणि दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलायचा. तिसरी, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि हळू बसायचं.

पहिल्या दोन्हीत सांगण्यासारखं काही नाही. गादीवर पडल्या पडल्या होतात, आपण काही करतोय असं वाटतसुद्धा नाही. पंधरा दिवसांनी जिना चढताना फरक जाणवतो.

तिसरीनं मात्र माझी अब्रू काढली. आमच्याकडे प्लास्टिकच्या खुर्च्या. मी हात छातीवर बांधले, उठायला गेलो आणि उठलोच नाही. जोर केला तर खुर्चीच मागे सरकली, फरशीवर तिचे पाय फाकले आणि मी जमिनीवर. ही आतून धावत आली. "अहो, काय चाललंय हे?" व्यायाम, म्हणालो. तेव्हापासून खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली आणि पायांखाली गोणपाटाचा तुकडा. ज्यांच्या घरी गुळगुळीत फरशी आहे त्यांनी एवढं आधी करावं.

पण उठता येत नाही त्याचं काय? उपाय हिनंच काढला. दोन वाकळा आणल्या, घड्या घालून खुर्चीवर एकावर एक ठेवल्या. बैठक वीतभर उंच झाली आणि मी उठलो. बसायची जागा जेवढी उंच, तेवढा गुडघा कमी दुमडतो, तेवढं उठणं सोपं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी जिमवाले लोखंडाच्या चकत्या कमीजास्त करतात, ती आमच्याकडे आईनं शिवलेल्या वाकळांनी झाली. एक घडी उलगडली की व्यायाम अवघड, परत घातली की सोपा.

बसताना धपकन बसायचं नाही. उठायला एक आकडा, बसायला तीन. खरी मेहनत त्या बसण्यातच आहे, अजिंक्यताऱ्याच्या उतारासारखी. पाय कमरेएवढे फाकलेले, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, गुडघे एकमेकांकडे झुकू द्यायचे नाहीत.

आता मोजायचं कसं? मला बीपीची गोळी आहे. जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, मोठ्यानं मोजा, बोलणाऱ्याचा श्वास कोंडत नाही, असं त्या मुलीनं बजावलं होतं. पण एक, दोन, तीन म्हणायचा मला कंटाळा. जन्मभर जे ओरडलो तेच तोंडात आलं. लिंब फाटा. पाचवड. भुईंज. सुरूर. खंडाळा. शिरवळ. कापूरहोळ. खेड शिवापूर. कात्रज. स्वारगेट. बरोबर दहा. मधले थांबे गाळलेत, निमआराम समजा.

पहिल्या दिवशी गाडी भुईंजलाच बंद पडली. आठवडाभर तिथंच बंद पडत होती. मग सुरूर, मग खंबाटकीचा बोगदा पार करून खंडाळा. दोन महिन्यांनी स्वारगेटला पोचलो तेव्हा हिला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, "मग परत या." हेही खरंच होतं. दोन मिनिटं टेकायचं आणि परतीची फेरी मारायची. कात्रज, खेड शिवापूर असं करत खंडाळा सुटलं की खंबाटकीचा घाट लागतो, आणि देवाशपथ सांगतो, सहाव्या वेळी मांड्या तश्शाच पेटतात. सुरूरला उतरलो की पुढचं निभतं.

कंपूतला एक पैलवान गडी, तरुणपणी तालमीत जोर-बैठका मारलेला, मला "खुर्चीतला पैलवान" म्हणतो. म्हणू दे. त्याच्या दोन्ही गुडघ्यांना आता पट्टे आहेत. बैठकच आहे ही, फक्त अर्ध्यावर थांबवलेली.

बाकीचं स्वयंपाकघरात. सकाळी चहा मी ठेवतो. उकळी फुटेपर्यंत ओट्याला बोटं टेकवून टाचा उचलायच्या, हळू खाली आणायच्या. ओट्यालाच धरून एका पायावर उभं राहायचं. ह्यात माझा फार मोठा गैरसमज उघडा पडला. धावत्या गाडीत, हातात तिकिटांचा ट्रे, कंबर सीटच्या दांड्याला टेकवून बत्तीस वर्षं उभा राहिलेला माणूस मी. तोल म्हणजे आपल्या बापाची इस्टेट, असं वाटायचं. ओट्यावरचा हात सोडला आणि चौथ्या आकड्याला डगमगलो. कमरेला दांडा होता तोवर तोल होता! आता दोन बोटं टेकवून प्रत्येक पायावर अर्धा मिनिट होतं. भांडी घासणारी बाई आधी हसायची, आता तीही एका पायावर उभी राहून बघते.

वजनांसाठी मिठाचे पुडे. किलोचा पुडा कापडी पिशवीत घालून पावलाला अडकवायचा, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, धरायचा, सोडायचा. पावसाळ्यात पुडा फुटून खोलीभर मीठ झालं, तेव्हापासून हिनं पुडे बंद केले. आता लिटरच्या बाटलीत पाणी. पाणी भरलं की एक किलो, कोरडी वाळू भरली तर दीडच्या वर जाते. काट्यावर ठेवून बघा हवं तर.

पाठीसाठी सायकलची जुनी ट्यूब. दुकानदारानं फुकट दिली. नळी कापून टाकली, आतली पांढरी पूड धुवून काढली. खिडकीच्या गजाला मधोमध अडकवून दोन्ही टोकं कोपर मागे नेत ओढायची, खांदे मागे भिडवायचे. वाकून तिकिटं फाडून माझे खांदे पुढे आलेत, त्यांना हे बरं वाटतं. फक्त दर आठवड्याला ट्यूब ताणून भेगा बघायच्या. मी बघितल्या नव्हत्या. हनुवटीवर जो फटका बसला तो आठवतो अजून.

दंड भिंतीवर. जमिनीवरचे सोडून किती वर्षं झाली. भिंतीपासून दोन हात लांब उभं राहून घातले तर मनगटं, खांदे आणि अब्रू, तिन्ही शाबूत राहतात. सूर्यनमस्कार पूर्ण जमत नाहीत याचं वाईट वाटतं. आमचं मूळ गाव औंध संस्थानातलं. राजेसाहेबांनी, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधींनी, शाळाशाळांतून नमस्कार घालायला लावले, त्या पिढीतले आमचे वडील. ते पंचाहत्तरीतही मांडी घालून पंगतीला बसायचे आणि हात न टेकता उठायचे. मी खुर्चीच्या पाठीला धरून निम्मा-अर्धा घालतो, त्यांच्या फोटोकडे न बघता.

चालणं घरातच. ओसरीपासून मागच्या दारापर्यंत चौदा पावलं. जेवणानंतर दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. आठवड्याला दीडशे मिनिटं तरी हालचाल असावी असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. पाच दिवसांत तेवढी भरतात, शनिवार-रविवार वरकड.

दुखण्याचा हिशोब एवढाच ठेवलाय. करताना थोडं दुखलं तर चालतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखलं किंवा सूज दिसली तर दोन थांबे कमी करायचे, गाडी पूर्ण बंद करायची नाही. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र लगेच थांबून डॉक्टर गाठायचा, तिथं शहाणपणा नको.

वरची वाकळ पाडव्याला निघाली होती. तेव्हा स्वारगेटवरून परत खंडाळ्यापर्यंतच आलो, मग हळूहळू पूर्ण फेरी. खालची परवा काढायची ठरली, कारण हिलाच ती हवी होती. उन्हात टाकली, झटकली, घडी करून पलंगावर ठेवली. "थंडी पडलीय, ही आता परत मिळायची नाही," म्हणाली.

उघड्या खुर्चीवर आज शिरवळपर्यंत गेलो.