आज सायकलने इझोआर खिंड चढलो!

फ्रेंच आल्प्समधल्या केरास निसर्ग उद्यानातला रस्ता. सकाळी गियेस्त्रहून निघालो. गिल नदीची अरुंद घळ, मधे कातळात खोदलेले बोगदे, त्यात दिवा हवाच. ब्रुनिसार गाव मागे पडलं आणि खरी चढण लागली. पाय भरून आलेले, घाम हँडलवर टपटपतोय. एका वळणावर झाडीच संपली. कास देझेर्त! पिवळसर, निसरडा खडीचा उतार आणि त्यातून वर आलेले दगडी सुळके. तिथल्या कातळावर सायकलपटू फाउस्तो कोप्पी आणि लुईझाँ बोबे यांचे स्मृतिफलक आहेत. त्यांना हात लावला आणि डोळे भरून आले. मग थोडा उतार, आणि शेवटचे २ किलोमीटर अक्षरशः जीव काढतात. माथा २३६० मीटरवर. वारा इतका गार, की जॅकेटची चेन लावायला बोटं वळेनात.