आमची वाटचाल : चाकं बांधत बांधत इथवर

आम्ही सायकली विकत नाही, हे आधी सांगतो, कारण रोज कुणीतरी येऊन नव्या सायकलीचा भाव विचारतं. २०१२ पासून आमचं काम एकच. तुमच्याकडे रोडबाईक आहे, तिच्यात काय बदललं तर ती घाटात आणि लांब पल्ल्याला नीट चालेल ते सांगायचं, बसवून द्यायचं आणि चाकं हाताने बांधायची. पुण्यात पंक्चर काढणारे, ओव्हरऑइल करणारे पुष्कळ होते, पण तारांचं टेन्शन (ताण) मोजून चाक बांधून देणारं दुकान त्या वेळी शोधावं लागायचं.

सुरुवातीपासून माझ्यासोबत मामा आहेत. भागीदारी निम्मी-निम्मी, तोंडी. मामांची सगळी हयात पेठेत काळ्या सायकलींवर गेलेली, पुढे ३२ मागे ४० तारांची चाकं ते डोळे मिटून विणायचे. मी ट्रूइंग स्टँड, डिश गेज, टेन्शन मीटर अशी चाक तपासायची साधनं घेऊन बसलेलो आणि मामा बोटाने एकेक तार छेडत जायचे, खालचा सूर आला की ती ढिली, तिथे निप्पलला, म्हणजे तारेच्या टोकाच्या नटला, पान्याने पाव फेरा. नंतर मी मीटर लावायचो तर काटा जवळजवळ सारखाच. आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, तर कुणीही काढतं हो, पण चाक सरळ दिसतं आणि आत एक तार ताणलेली, शेजारची लोळतेय, असं चाक महिन्याभरात पुन्हा आउट होणारच. बांधून झालं की मामा समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून दाबायचे, कडकड आवाज करत तारा आपापल्या जागी बसायच्या, मग परत आउट बघायचं. आजही आमच्याकडून चाक असंच बाहेर पडतं.

पुढची काही वर्षं बरी गेली. पुणे-गोवा रेसवाले यायचे, बीआरएमवाले (ठरलेल्या वेळात शेकडो किलोमीटर चालवणारे) यायचे, उधारी नव्हती.

मग २०२० आलं. लॉकडाऊन उठला आणि सगळं शहर सायकलवर. कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) मिळेना, चेन मिळेना, शिमानोच्या १०५ ग्रुपसेटला (गिअर-ब्रेकचा संच) महिनोन्‌महिने वेटिंग. त्यात आमच्या एका इंपोर्टरने अट घातली की चेन आणि कॅसेट हव्या असतील तर सोबत रिम ब्रेकचे तयार व्हीलसेट उचला, पैसे सगळे आधी. सर्व्हिसला आलेल्या सायकली चेनवाचून स्टँडवर लटकत होत्या, गिऱ्हाईक रोज फोन करायचं, मग उचलले. कॅश क्रेडिट काढलं, आईची एफडी मोडली. माळा खोक्यांनी भरला. २०२३ मध्ये बाजार पडला, त्याच सुमाराला शिमानोचं १०५ बारा स्पीडला (मागे बारा गिअर) गेलं, तेही फक्त डिस्क ब्रेकमध्ये, म्हणजे आमची रिम ब्रेकची चाकं त्याला चालणार नाहीत, आणि त्याच इंपोर्टरने तेच व्हीलसेट स्वतःच्या वेबसाइटवर सेलला लावले. भाव किती, तर आमच्या खरेदीपेक्षा कमी! फोन केला तर म्हणे मार्केट बदललंय. अरे, मार्केट बदललं तर डीलरला आधी सांगाल की नाही? क्रेडिट नोट मागितली, मेलला साधं उत्तर नाही. गिऱ्हाईक दुकानात उभं राहून मोबाईलवर तो भाव दाखवायचं आणि मला म्हणायचं तुम्ही लुटताय. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

त्या दोन वर्षांत दुकान बंद करायची वेळ आली होती. भाडं थकलं, एक पोरगा सोडून गेला, जाताना आमच्याकडे शिकलेलं सगळं घेऊन समोरच्या मोठ्या शोरूममध्ये लागला. मामांनी त्या काळात पैसे घेतले नाहीत. आणि तारलं कशाने, तर त्याच सेलच्या चाकांनी. लोकांनी ती स्वस्तात घेतली आणि पावसाळा सरेपर्यंत माझ्याकडे घेऊन आले, कुणाच्या मागच्या तारा एल्बोत (चाकाच्या मधल्या हबजवळच्या वळणात) तुटलेल्या, कुणाचं चाक ब्रेकला घासतंय. मीटर लावला तर एका तारेवर १३० किलो आणि त्याच बाजूच्या पुढच्या तारेवर ६०. तार बहुतेक वेळा जास्त ताणल्याने तुटत नाही, ढिली राहून प्रत्येक फेऱ्याला वाकते-सुटते आणि थकून तुटते. आम्ही ती सगळी चाकं सोडवून, पूर्ण ढिली करून नव्याने ताणली, गिअरच्या बाजूला ११० च्या आसपास, दुसरी बाजू डिशिंगमुळे (गिअरला जागा द्यायची म्हणून दोन बाजूंच्या तारांचा कोन वेगळा असतो) साधारण त्याच्या निम्म्याने येते ते ठीक. माळ्यावरचे सेटही असेच एकेक करून नीट ताणून तोट्यात विकले, पण जे दिले ते आजही सरळ फिरतायत.

आणि आमच्या डॉक्टर मॅडम. पहिल्यांदा आल्या तेव्हा मोबाईलवर ५० मिलिमीटर खोल रिमच्या कार्बन चाकांचा फोटो, हीच हवीत. मी विचारलं, चालवणार कुठे? म्हणे ६०० ची बीआरएम करायचीय. सायकल बघितली, पुढच्या चेनरिंगना ५२/३६ दात, मागे कॅसेट ११-२८, टायर २३ मिलिमीटरचे आणि त्यात १२० पीएसआय हवा. म्हटलं मॅडम, ही कार्बनची चाकं मी आज लावून दिली तर नफा मला आहे, पण खंबाटकी घाटात बाजूचा वारा लागला की पुढचं चाक तुम्हाला ओढून नेईल, आणि रिम ब्रेकवर लांब उतारात कार्बन तापतं ते वेगळंच. त्या म्हणाल्या, दादा, तुम्हाला विकायचंय की नाही?

मग काय केलं ते सांगतो, कारण निम्म्या लोकांना हेच लागतं. क्रँक तोच ठेवला, चार बोल्टचा, ११० मिलिमीटर बोल्ट-वर्तुळाचा होता, फक्त चेनरिंग ५०/३४ टाकल्या, पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) थोडा खाली घेतला. मागे ११-३४, त्यासाठी लांब केजचा (चेन धरणाऱ्या खालच्या भागाचा) डिरेलर लागतो, छोट्या केजवर ३४ दात बसवून देणारे आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. चेन नव्याने मापून कापली. टायर २८, ब्रेकमध्ये जागा आहे का ते आधी बघून, आणि हवा पुढे ६०, मागे ६५. चाकं ॲल्युमिनियम रिमची, २८-२८ तारा, पितळी निप्पल. ३४ ला ३४ म्हणजे एकास एक, बोपदेव घाट काय न् पसरणी काय, बसून चढता येतं. मॅडमनी ६०० किलोमीटर चाळीस तासांच्या आत केले, तार एक हलली नाही. वाईट काळात याच मॅडम आपल्या अख्ख्या ग्रुपची चाकं सर्व्हिसला घेऊन आल्या, मी डिस्काउंट लावला तर म्हणाल्या, बिल पूर्ण करा.

आता न विचारता सांगतोच. पैसे हातात आले की आधी टायर, मग गिअरची रेंज, मग चाकं. १०५ काढून त्याच्या वरचा अल्टेग्रा टाकायची घाई करू नका, वजनात फरक पाव किलोच्या आसपास, तेवढं तर अर्ध्या बाटलीत पाणी असतं. अकरा स्पीडला चेन ०.५ टक्के ताणली की बदला, नाहीतर ती कॅसेट खाते आणि मग खर्च तिप्पट. शिमानोचीच दहा स्पीडची टियाग्रा ४७०० असेल तर तिला जुना दहा स्पीडचा मागचा डिरेलर चालत नाही, केबलची ओढ वेगळी आहे, गिअर कधीच जुळणार नाहीत, कुणी कितीही सांगू दे. अकरा स्पीडच्या हबवर दहाची कॅसेट लावताना १.८५ मिलिमीटरचा स्पेसर टाकायला विसरू नका. आणि वजन ८५ किलोच्या वर असेल तर २०-२४ तारांची चाकं कितीही सुंदर दिसोत, आपल्या रस्त्यांवर नकोच.

चाक दाखवायला आणताना कॅसेटसकट आणा, टायर काढू नका, स्क्युअर (चाक फ्रेममध्ये कसायची दांडी) सोबत ठेवा. तार तुटलेली असेल तर तुकडा फेकू नका, घेऊन या, कुठे तुटली त्यावरून मला कळतं. मामा सकाळी अकरापर्यंतच असतात, मागचं चाक बांधून घ्यायचं असेल तर तेव्हाच या.