कोलंबो की पोर्ट लुई?

भाच्याला हॉटेलातल्या नोकरीसाठी दोन ठिकाणांहून विचारणा झालीय. एक श्रीलंकेतल्या कोलंबोहून, एक मॉरिशसच्या राजधानीहून, पोर्ट लुईहून. ताईने प्रश्न सरळ माझ्याकडे ढकलला: "तू दोन्हीकडे कांदा पाठवतोस ना, मग तूच सांग त्याला." पिंपळगावात कांद्याची निर्यात करणारा माणूस घरच्यांच्या लेखी आपोआप परराष्ट्रतज्ज्ञ होतो, त्याला माझा इलाज नाही.

आधी आकार सांगतो. मॉरिशस म्हणजे जेमतेम २,००० चौरस किलोमीटर. आपल्या नाशिक जिल्ह्यात असे सात मावतील. माणसं साडेबारा लाख. नाशिक शहरातच २०११ च्या जनगणनेत जवळपास पंधरा लाख होती. श्रीलंका त्यामानाने मोठी, सव्वादोन कोटींच्या आसपास. निर्यातबंदीच्या काळात, २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये, सरकारने काही मित्रदेशांना थोडा थोडा कांदा सोडला, तेव्हा मॉरिशसच्या वाट्याला १,२०० टन आला आणि श्रीलंकेला एकदम १०,००० टन. आम्ही कांदाचाळीतल्या मालाकडे बघत बसलो होतो, पण तो विषय वेगळा.

पैशाने बघितलं तर प्रश्नच नाही. मॉरिशसचं दरडोई उत्पन्न श्रीलंकेच्या अडीच-तीन पट आहे. ऊस, मग कापड कारखाने, मग पर्यटन, मग बँका, अशी शिडी ते १९६८ च्या स्वातंत्र्यानंतर चढत गेले. दहातली जवळपास नऊ घरं राहणाऱ्यांच्या मालकीची आहेत आणि बहुतेक आपल्यासारखीच स्लॅबची. १९६० च्या चक्रीवादळात लाकडी-पत्र्याची घरं उडून गेल्यावर लोकांनी काँक्रीटची धरली. व्हाक्वामध्ये आमच्या गिऱ्हाइकाची आई बसमध्ये कार्ड दाखवून फुकट बसते. विद्यार्थ्यांना आणि म्हाताऱ्यांना २००५ पासून बस मोफत आहे. घरात क्रिओल, म्हणजे तिथली रोजची बोली, बोलणाऱ्या या बाईंची मराठी आरती मात्र आपल्यापेक्षा पाठ! गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.

पण आता दुसरी बाजू ऐका. एवढं उत्पन्न असूनही मॉरिशसचा माणूस सरासरीने श्रीलंकेच्या माणसापेक्षा कमी जगतो. साखरेच्या बेटावर मधुमेह घरोघरी आहे, हे त्यातलं एक कारण. आणि श्रीलंकेने गरीब असतानाच दोन गोष्टी धरून ठेवल्या: १९४० च्या दशकापासून फुकट शिक्षण, आणि सरकारी दवाखान्यात फुकट उपचार. बाळंतिणीकडे सरकारी सुईण घरी येते. कोलंबोतला रिक्षावाला इंग्रजी पेपर वाचताना दिसला तर मला नवल वाटत नाही. त्यामुळे कोणी नुसतं डॉलरमधलं उत्पन्न दाखवून "मॉरिशस तीनपट सुखी" म्हणाला, तर मी मान डोलावणार नाही.

मग २०२२ आलं. कोलंबोच्या पेटा बाजारातल्या एका तमिळ व्यापाऱ्याला आमचा माल जायचा. कंटेनर बंदरात पोचला आणि त्याचा व्हॉट्सॲपवर आवाज आला: "भाई, पैसा है, डॉलर नहीं है." बँकेत त्याचे रुपये पडून होते, पण बँकेकडेच परकी चलन नव्हतं, एलसी, म्हणजे माझ्या पैशाची बँकेची हमी, उघडेना. इकडे रीफरच्या, म्हणजे थंड कंटेनरच्या, विजेचं भाडं रोज चढतंय, आत कांद्याला कोंब फुटायची भीती. तो दुसऱ्या मजल्यावर राहतो. गॅस नव्हता म्हणून बायको गॅलरीत तीन विटा मांडून लाकडावर भात शिजवत होती, त्याचा फोटो त्याने पाठवला होता. पुढे पेट्रोलला क्यूआर कोड आला: मोटारसायकलला आठवड्याला ४ लिटर, कारला २०. ज्याने २०१९ मध्ये मुलांच्या क्लासची, गाडीच्या हप्त्याची गणितं मांडली होती, त्याची सगळी पाटी पुसली गेली. माझे पैसे त्याने नंतर हप्त्याहप्त्याने पूर्ण दिले, हे मुद्दाम सांगतो.

हे का झालं? २०१९ च्या शेवटी कर कापले, त्याआधी ईस्टरचे बॉम्बस्फोट, मग कोविडने पर्यटक गेले, २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली आणि भात-चहा बसला. वर कर्ज. एप्रिल २०२२ मध्ये देशाने परदेशी कर्जाची फेड थांबवली.

मॉरिशसलाही कोविडने झोपवलंच होतं. २०२० मध्ये त्यांची अर्थव्यवस्था साधारण १५ टक्क्यांनी आक्रसली, म्हणजे श्रीलंकेच्या २०२२ पेक्षा वाईट. तरी गॅससाठी रांगा लागल्या नाहीत. बंद हॉटेलांतल्या लोकांच्या पगाराचा भार सरकारने उचलला. त्याची किंमत पुढे त्यांचा रुपया घसरून आणि महागाई वाढून वसूल झाली, पण चूल पेटत राहिली. माझ्या लेखी राहणीमान म्हणजे हेच: वाईट वर्षात घरातलं काय टिकतं. या हिशोबात मॉरिशस पुढे आहे.

भाच्याला मात्र मी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मॉरिशस बहुतांश अन्न बाहेरून आणतं, त्यामुळे भाजीची पिशवी पगार खाते. राहण्याची सोय हॉटेल देणार की नाही, हे लेखी घे. आणि कोलंबोचा पगार श्रीलंकन रुपयात असेल तर डॉलरमध्ये बांधून मागायचं. मिळणार नाही बहुतेक, पण विचारायला काय जातंय. २०२२ मध्ये तीन लाखांवर श्रीलंकन माणसं कामासाठी बाहेर गेली. जे आहेत त्यांना हॉटेलं आता चांगलं धरून ठेवतात, असं आमचा पेटावाला म्हणतो.

भाचा गप्प ऐकत होता. ताईने मधेच विचारलं, "विमानाला किती वेळ लागतो?" मुंबईहून कोलंबो अडीच तास, मॉरिशस सहा. ताईचं मत तिथेच ठरलं. आता भाच्याला वाटेल ते वाटो.